वचन मोडा, पण त्याला सांगून

(पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणारी सव्वीस वर्षांची आहे. लग्नानंतर ती सोलापुरात राहते आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला जाते. माहेर मोहोळ तालुक्यात. तिचा एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून निवडला गेला. आता राज्याबाहेरच्या एका सेंटरमध्ये त्याच्या ट्रेनिंगचा चौथा महिना चालू आहे. फोन फक्त रविवारी हातात मिळतो. पहिल्यांदा तो अर्धा अर्धा तास बोलायचा, आता दोन मिनिटांत ठेवतो. "अक्का, मला इथं गमत नाही," एवढंच म्हणतो. रात्री झोप येत नाही, जेवण जात नाही. हिंदीत दिलेला हुकूम पटकन कळला नाही म्हणून सगळ्यांसमोर रगडा (शिक्षा म्हणून अंगमेहनत) बसला, तोही दोनदा. गेल्या रविवारी तो म्हणाला, "माझे रनिंगचे बूट बारक्याला देऊन टाक, मला आता लागायचे नाहीत." आणि फोन ठेवता ठेवता, "मी नसतो तर तुमचा ताप तरी वाचला असता." मग यातलं कुणाला काही सांगायचं नाही, अशी आईची शपथ तिला घातली.

वडिलांनी भरती अकॅडमीच्या फीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलंय. गावच्या फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स अजून आहे. नवरा म्हणतो, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं, मनावर घेऊ नको. तिचा प्रश्न असा: "साहेबांना कळवलं तर त्याची नोकरी जाईल आणि माझ्यावरचा विश्वासही. नाही कळवलं तर माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला चार ओळींचं उत्तर पाठवलं, कारण हे छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. त्यातलं मुख्य वाक्य इथं पुन्हा लिहिते: रविवारची वाट पाहू नका, सेंटरला फोन करा. खाली जे सविस्तर लिहितेय ते तुमच्यासाठी आहेच, पण या जिल्ह्यातल्या आणखी बऱ्याच घरांसाठीही आहे. फाट्याफाट्यावर असे फ्लेक्स आहेत, आणि त्या फोटोंमधल्या प्रत्येक मुलाच्या मागं रविवारच्या फोनची वाट पाहणारं कुणीतरी आहे.

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त जागा नोकरीनं घेतलीय, त्याखालोखाल शपथेनं. बुटांचं वाक्य मात्र तुम्ही शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, जाता जाता लिहिलंय. मी पत्र वाचताना तिथंच थांबले. ज्या बुटांवर पोरगा वर्षभर पहाटे डांबरी रस्त्यावर पळाला, ते तो वाटून टाकतोय. आपल्या आवडीच्या वस्तू देऊन टाकणं, आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं असं बोलणं, झोप उडणं, जेवण सुटणं, बोलणं आटत जाणं. यातली एखादी गोष्ट एकटी असती तर मीही तुमच्या नवऱ्यासारखं म्हटलं असतं की नवखेपणा आहे, निघेल. पण या सगळ्या एकत्र आल्यात आणि चार महिन्यांत कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यात. गमत नसणं वेगळं. नुसतं न गमणारं पोर घरची आठवण काढून रडतं, भांडतं, गड्ड्याच्या जत्रेला यंदा काय काय आलं ते विचारतं. तुमचा भाऊ विचारायचाच थांबलाय.

तुमचे यजमान चुकीचं बोलत नाहीत, अर्धं बोलतायत. ट्रेनिंगचे पहिले महिने जवळजवळ सगळ्यांना जड जातात हे खरं आहे. पहाटेचं उठणं, अपुरी झोप, अनोळखी जेवण, सतत ओरडा, आणि सगळं हिंदीत. घरी मराठीच बोललेल्या मुलाला हुकूम समजायला अर्धा सेकंद जास्त लागतो, आणि परेडच्या मैदानावर अर्धा सेकंद फार मोठा असतो. बहुतेक मुलं हळूहळू रुळतात. पण बहुतेक रुळतात म्हणजे सगळे रुळतात असं होत नाही, आणि जो रुळत नाही तो नाजूक ठरत नाही. फौजेत रंगरुटांच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर जाण्याचा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. ज्यानं वेळेत सांगितलं तो काही आठवडे विश्रांती घेऊन परत पळतो. ज्यानं मागं पडू या भीतीनं दुखणं लपवलं, त्याचं हाड मोडू शकतं. तुमचा भाऊ दुखणं लपवून पळतोय, इतकंच.

वडील एक वाक्य बोलतात असं तुम्ही लिहिलंय, "त्याचाच हट्ट होता ना फौजेत जायचा?" या वाक्याबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. जगात काही देशांत लष्करी सेवा सक्तीची आहे. दक्षिण कोरियात, इस्रायलमध्ये अठरा-वीस वर्षांच्या मुलांना जावंच लागतं. तिथल्या मुलांवरचा ताण मोठाच असतो, पण त्यांना निदान "आम्हाला ओढून आणलंय" असं एकमेकांत बोलता येतं, शिव्या घालता येतात. आपल्याकडे सक्ती नाही. पोरगा स्वतःच्या पायांनी गेलाय, शारीरिक परीक्षेत जीव तोडून पळालाय, पेढे वाटलेत. म्हणून त्रास झाला तर दोष द्यायला त्याच्याकडे स्वतःशिवाय कुणी उरत नाही. तक्रार केली तर आपलाच हट्ट खोटा पडतो. गावाकडच्या कोरडवाहू घरातल्या पोराचा हट्ट कितपत त्याचा एकट्याचा असतो, हाही प्रश्न आहेच. पण तो बाजूला ठेवू. एकोणिसाव्या वर्षी मनापासून घेतलेल्या निर्णयाचासुद्धा त्रास होऊ शकतो. वडिलांचं ते वाक्य फोनवर त्याच्या कानावर पडणार नाही, एवढं तुम्ही बघा.

आता शपथ.

आईची शपथ म्हणजे आपल्याकडे लहान गोष्ट नाही, आणि ती मोडायला सांगताना मी हलक्यात घेत नाहीये. पण त्यानं ती का घातली ते बघा. ज्याला खरोखर कुणाला काही कळू द्यायचं नसतं, तो बहिणीलाही सांगत नाही. त्यानं तुम्हाला सांगितलं. म्हणजे त्याच्यातला एक भाग मदत मागतोय, आणि दुसरा त्या मागण्याला लाजतोय. शपथ लाजणाऱ्यानं घातली. तुम्ही मागणाऱ्याचं ऐका.

आपल्या कायद्यानंही हाच विचार केलाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे. त्यात रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय, डॉक्टरांवर ते बंधन आहे. पण जिवाला धोका असेल तर तो टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती सांगायला त्याच कायद्यानं मोकळीक ठेवलीय. 'आवश्यक तेवढी' हे शब्द तुम्हीही धरून ठेवा. गावभर करायचं नाही, नणंदेला सांगायचं नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. ज्याच्या हातात काही करणं आहे त्यालाच, आणि कामापुरतंच.

आणि हे त्याच्या पाठीमागं करू नका. विश्वास जातो तो बहुतेक वेळा सांगितल्यामुळं नव्हे, लपून सांगितल्यामुळं जातो. सेंटरला आधी फोन करावा लागला तरी त्याच्याशी बोलणं होईल तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सांगा: "मी शपथ मोडली. तू रागावशील, रागाव. तू रागावलेला मला चालंल, तू नसलेला नाही चालायचा." तो चिडेल. कदाचित दोन रविवार बोलणारही नाही. ते सोसायची तयारी ठेवा.

तुम्ही लिहिलंय, "सरळ विचारायला भीती वाटते, त्याच्या डोक्यात नसलेलं मी भरवलं तर?" ही भीती फार घरांतून ऐकू येते, आणि तिच्यापायीच माणसं आडून आडून विचारत राहतात. यावर भरपूर अभ्यास झालाय आणि त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे: आत्महत्येबद्दल सरळ विचारल्यानं तो विचार माणसाच्या मनात पेरला जात नाही. उलट, जो एकट्यानं ते वाहत असतो त्याला कुणीतरी नाव घेऊन विचारलं की सुटल्यासारखं होतं. म्हणून "वेडंवाकडं काही करू नकोस हं" असं म्हणू नका. त्यावर "नाही गं" याखेरीज दुसरं उत्तर देताच येत नाही, आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं. तुमच्या दोघांच्या बोलण्यात बसेल असं काहीतरी म्हणा:

"बाळा, बूट बारक्याला दे म्हणालास तवापासनं मला घोर लागलाय. सरळ विचारते. तुला मरून जावं असं वाटायलंय का?"

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. पलीकडं दहा-पंधरा सेकंद नुसता आवाज येईल, मागं इतर पोरांचा गलका असेल, आपल्याला वाटेल फोन कटला. बोलू नका. त्याला बोलू द्या. "हो" म्हणाला तर "असं कसं रे, आईचा तरी विचार कर" हे ओठांवर येईल, ते गिळा. आईचा विचार करकरूनच तो इथवर आलाय, आपण तिच्यावर ओझं आहोत असं त्याला वाटतंय. त्याऐवजी, "बरं झालं सांगितलंस. कधीपासनं वाटतंय?" असं विचारा. काही ठरवलंय का, आज-उद्याचं काही मनात आहे का, तेही विचारा. ठरवलंय असं कळलं तर फोन ठेवायचा नाही. शेजारी कोण आहे ते विचारा, त्याच्या जोडीच्या पोराच्या किंवा उस्तादाच्या (ट्रेनिंग देणाऱ्याच्या) हातात फोन द्यायला लावा, आणि त्या माणसाला स्पष्ट सांगा की याला एकटं सोडू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्या.

तो "नाही, तसलं काय नाही" म्हणाला तर? तर बरंच आहे, पण सेंटरला फोन तरीही करायचाच. झोप नाही आणि जेवण जात नाही, एवढं कारण डॉक्टरला दाखवायला पुरेसं आहे.

हा फोन कसा करायचा ते आता सांगते, कारण फौजेचं नाव काढलं की आपल्याकडच्या माणसांना गेटच दिसतं, आतलं माणूस दिसत नाही. जॉइनिंगच्या वेळी घरी आलेल्या कागदांवर सेंटरचा पत्ता आणि बहुधा नंबर असतो. भावाचा फौजेतला नंबर, कंपनी, प्लॅटून हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. कंपनी कमांडरशी किंवा सुभेदार साहेबांशी बोलायचंय असं सांगा. ऑपरेटरला सगळी कथा सांगत बसू नका. हिंदी अडत असेल तर आधीच लिहून ठेवा: "साहब, मैं उसकी बड़ी बहन बोल रही हूँ. वह घर पर ऐसी बातें कर रहा है जिससे हमें उसकी जान का डर है. उसे आज ही डॉक्टर को दिखाइए और अकेला मत छोड़िए." एवढं पुरे. "जान का डर" हे शब्द वगळू नका. "थोडा टेंशन में है" असं म्हटलं तर ऐकणारा म्हणेल, सगळेच असतात. ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव, हुद्दा, वेळ लिहून ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा फोन करा. एक जण टाळाटाळ करत असेल तर त्याच्या वरच्याकडं जा. तुम्ही कुणाची चुगली करत नाही आहात.

फोन लागतच नसेल तर सोलापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथं फौजेत आयुष्य काढलेली माणसं भेटतात, कुणाशी कसं बोलायचं हे त्यांना माहीत असतं. गावातल्या एखाद्या रिटायर्ड सुभेदाराचाही इथं उपयोग होतो, फक्त तो तोंडाचा घट्ट असावा.

कळवल्यावर आत काय होतं? आधी एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात तपासणी, तिथून गरज पडली तर लष्करी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाकडं. काही काळ हलकी ड्युटी, आणि शस्त्र हाताळण्यापासून लांब ठेवणं. या शेवटच्या गोष्टीला तो अपमान समजेल, त्याच्या बरोबरची पोरं समजतील. पण तिचं मोल किती आहे ते इस्रायलच्या अनुभवावरून कळतं. तिथल्या सैन्यानं 2006 मध्ये एक साधा बदल केला: आठवड्याच्या सुटीला घरी जाणाऱ्या जवानांनी शस्त्र युनिटमध्येच ठेवून जायचं. त्यानंतर तरुण जवानांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ही घट प्रामुख्यानं सुटीच्या दिवसांतली होती. त्या दिवशी वाचलेल्या मुलांनी नंतर आठवड्यातला दुसरा दिवस शोधला नाही. मला या माहितीतून फार धीर येतो. जीव द्यावासा वाटणं हे बहुतेकांच्या बाबतीत लाटेसारखं येतं, काही तास, काही दिवस टिकतं आणि ओसरतं. तेवढा काळ माणसाला सांभाळलं की तो पुढं जगतो.

आता नोकरी. इथं तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.

फौजेत आरोग्याची वर्गवारी असते, शेप म्हणतात. त्यातलं पहिलंच अक्षर मनाच्या स्वास्थ्याचं आहे, म्हणजे फौज हे गृहीत धरते की मनही बिघडू शकतं आणि त्याची नोंद करावी लागते. उपचार सुरू झाले तर वर्गवारी काही काळापुरती खाली येऊ शकते, आणि पुन्हा तपासून वर नेताही येते. ट्रेनिंगमधले दिवस बुडाले तर त्याला मागच्या बॅचमध्ये टाकतील, ज्याला पोरं 'रेलिगेट झाला' म्हणतात. त्याला ते जगबुडीसारखं वाटेल, प्रत्यक्षात काही आठवडे-महिने उशीर आहे. आजार गंभीर निघाला तर मेडिकल बोर्ड त्याला सेवेतून कमी करू शकतो, हीही शक्यता आहे. नाही कसं म्हणू? पण लवकर सांगितलेलं दुखणं बहुतेकदा पहिल्या दोन पायऱ्यांवर आटोपतं, आणि दडवलेलं तिसरीवर जातं. नोकरी वाचवायची असेल तरीसुद्धा सांगणंच शहाणपणाचं आहे.

अमेरिकेच्या हवाई दलानं 1990 च्या दशकात हीच गाठ सोडवली. वरिष्ठांनी स्वतः उभं राहून जवानांना सांगायला सुरुवात केली की मदत मागणं हा कच्चेपणा नाही, आणि जवळच्या सहकाऱ्यात धोक्याची खूण दिसली तर बोलणं हे तुमचं काम आहे. 1996 पासून हे सगळीकडं राबवलं गेलं, आणि पुढच्या काही वर्षांत आत्महत्येचा धोका एक तृतीयांशानं घटल्याचं अभ्यासात दिसलं. आपल्या सेंटरमधले उस्ताद आणि सुभेदार हे मनावर घेतील तर किती पोरं वाचतील. तुमच्या फोनमुळं एखादा सुभेदार पुढच्या बॅचकडं वेगळ्या नजरेनं बघेल, हेही अगदीच अशक्य नाही.

समजा भाऊ म्हणाला, मला इथं राहायचंच नाही. तर नियम काय आहे ते माहीत असू द्या. अग्निवीराला चार वर्षं पुरी व्हायच्या आधी स्वतःच्या मर्जीनं सोडून येता येत नाही, मात्र अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनं सोडता येतं. ते रीतसर करायचं. वैतागून गेटबाहेर पडून गाडीत बसला तर 'भगोडा' म्हणून कायद्याची वेगळी कटकट मागं लागते. तो तसं काही बोलला तर, "पळून येऊ नको, आपण रीतसर करू, मी आणि आप्पा तिकडं येतो," एवढं त्याला ठामपणे सांगा. आणि असा मोठा निर्णय झोप उडालेल्या डोक्यानं घेऊ नये. आधी उपचार, झोप, जेवण, मग ठरवू दे. बरं वाटल्यावर तोच कदाचित म्हणेल की राहतो.

हे विचारायचं राहू नये: सगळ्यांनाच होणारा रगडा आणि एकट्याला धरून केलेला छळ यांत फरक असतो. रगडा सगळ्या प्लॅटूनला बसतो आणि संपतो. भाषेवरून, गावावरून, जातीवरून रोज एकालाच टोचणं, मारहाण, पैसे उकळणं हे ट्रेनिंग नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन प्रसंगांवरून मला नक्की सांगता येत नाही. त्याला विचारा, आणि दुसऱ्या प्रकारातलं काही निघालं तर कंपनी कमांडरला सांगताना तेही सांगा.

घरातल्या पैशांचं. पहिल्या वर्षी अग्निवीराला महिन्याला 30,000 रुपये ठरलेत, त्यातले 9,000 सेवानिधीला (चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेला) जाऊन हातात 21,000 येतात. त्यातून पतसंस्थेचा हप्ता जातो असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे एकोणीस वर्षांचं पोर रगडा खाताना प्रत्येक वेळी हप्त्याचा हिशेब करत असणार. शिवाय चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्केच कायम होणार, ही टांगती तलवार पहिल्या दिवसापासून आहे. जोडीची पोरं एकाच वेळी मित्रही आणि स्पर्धकही, मग मन मोकळं करायचं कुणाजवळ? त्याच्यावरचं हे ओझं तुम्ही घरून थोडं हलकं करू शकता. वडिलांना विश्वासात घ्या. तुम्हाला वाटतं ते कोसळतील. मला वाटतं, आपल्या पोराचा जीव अडकलाय हे कळल्यावर कर्ज बाजूला ठेवून त्याच्या पाठीशी उभा राहणारा बाप सोलापूर जिल्ह्यात कमी नाही. पतसंस्थेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, ते मिळू शकतं. आणि मग वडिलांनी स्वतः फोनवर भावाला एकच वाक्य बोलावं: "हप्त्याचं मी बघतो, तू परत आलास तरी हे घर तुझंच हाय." बहिणीच्या दहा फोनपेक्षा हे एक वाक्य वजनदार ठरेल, कारण त्याला भीती वडिलांच्या तोंडाची आहे. आईला किती सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा.

फ्लेक्सचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तो पत्रात तीन वेळा आलाय. एखाद्या संध्याकाळी भावकीतल्या दोन पोरांना सांगून उतरवून घ्या. वाऱ्यानं फाटला म्हणा. त्याची कुणी आठवणसुद्धा काढणार नाही.

तुमच्या स्वतःच्या झोपेचंही बघायला हवं. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर 2022 पासून तो सुरू आहे. दुसरा नंबर 1800-891-4416. सैन्यदलातल्या लोकांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला. भावाला हा नंबर पाठ करायला लावा, पाचच आकडे आहेत. तुम्हीही लावा, "भावाबद्दल बोलायचंय" म्हणून. असा फोन फक्त त्रास होणाऱ्यानंच करायचा असतो असं काही नाही. समोरासमोर बोलावंसं वाटलं तर आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, सकाळच्या ओपीडीला केसपेपर काढून जाता येतं. आणि तो सुटीवर गावी असताना कधी अशी वेळ आली तर 112 लावा, त्याला एकटं सोडू नका, घरात घातक ठरेल असं जे काही असेल ते कुलपात टाका आणि सरळ सिव्हिल गाठा.

माझ्याकडे अशी पत्रं फक्त ट्रेनिंगमधल्या मुलांचीच येतात असं नाही. तीन भरत्या हुकलेल्या, वय निघून गेलेल्या पोरांच्या आयांचीही येतात. कोविडनंतर फौजेची भरती दोन वर्षं बंद होती, त्या काळात मैदानावर पळत राहिलेली कितीतरी पोरं वयात बसेनाशी झाली. त्यांच्याविषयी एकदा स्वतंत्र लिहायचंय. पण सरळ विचारणं, गप्प बसून ऐकणं, एकटं न सोडणं, डॉक्टरकडं नेणं, हे सगळं त्यांनाही जसंच्या तसं लागू आहे.

उपचार सुरू झाले म्हणजे काम झालं असंही धरू नका. पहिल्या काही आठवड्यांत माणूस एक दिवस बरा वाटतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली जातो. दर रविवारी तोच प्रश्न पुन्हा विचारा, "ते विचार येतात का अजून?" त्याला त्याची सवय होईल, तुम्हालाही. बाकीचा वेळ मात्र आजारावर बोलू नका. बारक्याची शाळा, शेळी व्याली का, पार्क मैदानावर कुणाची मॅच झाली, शेंगाचटणीचं पार्सल पोचलं का, असलं बोला. ते पार्सल पाठवायला परवानगी आहे का एवढं आधी विचारून घ्या.

बूट बारक्याला देऊ नका. भावाला तसं सांगाही, की पुसून माळ्यावर ठेवलेत, सुटीला आलास की घाल.

सेंटरचा नंबर घरच्या कागदांत सापडला नाही, किंवा दोनदा बोलूनही काही हललं नाही, तर मला त्याच दिवशी कळवा. तुमच्या मेलला उत्तर द्यायला मी पुढच्या सदराची वाट पाहणार नाही.